थरथरणारें चाक

श्रोतेहो, छत्तीस वर्षें ज्यानें खडू आणि फळा यांच्या संगतींत काढलीं, अशा मनुष्यानें नभोवाणीवरून मोटारीच्या चाकांविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. मी यंत्रविद्येचा पदवीधर नाहीं. मॅट्रिक होऊन शिक्षकाची सनद घेतली, एवढीच माझी विद्या. आणि गाडीच्या पोटांत हात घालून ती दुरुस्त करण्याचें कौशल्य तर माझ्या अंगीं मुळींच नाहीं. परंतु एका जुन्या लहान मोटारीनें मला वर्षभर धडे दिले, आणि माझ्याइतका मंद विद्यार्थी तिला पूर्वीं क्वचितच मिळाला असेल. त्या धड्यांचा विषय एकच होता. गाडी धांवतांना थरथरते ती कां, आणि ती थरथर कोठून येते हें घरच्या माणसानें कसें ओळखावें?

२०१९ सालीं मी सेवानिवृत्त झालों आणि २०२१ च्या दिवाळींत ही गाडी घेतली. आमचें बिऱ्हाड साताऱ्यास. सौभाग्यवतींच्या डोळ्यांवरील उपचारांसाठीं महिन्यांतून एकदां पुण्यास जाणें भाग होतें, आणि एस.टी.च्या प्रवासाचा त्यांस त्रास होई. म्हणून हा खटाटोप. गांवांत गाडी शहाण्या मुलासारखी चाले. पण खंबाटकीचा बोगदा मागें टाकून शिरवळच्या बाजूस मोकळ्या रस्त्यास लागलें, आणि कांटा ताशी ७५ किलोमीटरच्या पुढें सरकला, कीं माझ्या हातांतील स्टिअरिंगचें चक्र कांपूं लागे. ८५ च्या सुमारास त्या कंपाची पराकाष्ठा होऊन मनगटांस मुंग्या येत. धीर करून ९५ च्या पुढें गेलें तर पुन्हां सर्व शांत!

मीं गाडी एका कारखान्यांत नेली. तेथील माणसानें माझें बोलणें अर्धेंच ऐकून घेतलें आणि 'अलाइनमेंट गेली आहे' असा निकाल दिला. अलाइनमेंट करून घेतली. थरथर होती तेथेंच. दुसऱ्या एकानें 'शॉकअब्सॉर्बर बसले' असें सांगितलें, तेही बदलले. मग पुन्हां एकदां अलाइनमेंट झाली. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या संसारांत अशा बिलांचा अर्थ काय असतो, तो आपणांस सांगावयास नको. त्या कारागिरांस मी दोष देत नाहीं असें म्हणणें शिष्टाचाराचें होईल, पण तें खरें होणार नाहीं. रोग्याचें न ऐकतां औषधाची पुडी बांधणारा वैद्य आणि हे, यांत फरक तो काय? तथापि अर्धा दोष माझाही होता. 'गाडी थरथरते' यापलीकडे मला कांहींच सांगतां येत नव्हतें. पोट दुखतें म्हणून रडणाऱ्या मुलास आपण विचारतों कीं, बाळा, कोठें दुखतें, केव्हां दुखतें, जेवणापूर्वीं कीं नंतर? हे साधे प्रश्न मीं माझ्या गाडीस विचारलेच नव्हते.

येथें एक घोटाळा प्रथम दूर करूं. अलाइनमेंट म्हणजे चाकांचीं तोंडें कोणत्या दिशेस आहेत त्याची जुळणी. ती बिघडली तर गाडी एका अंगास ओढते, सरळ जातांना स्टिअरिंग तिरकें धरावें लागतें, टायर एका कडेनें झिजतात. पण केवळ तेवढ्यानें चाक थरथरत नाहीं. थरथर ही बहुधा बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाच्या तोलाची तक्रार असते. दुकानाच्या पाटीवर हे दोन शब्द जोडीनें लिहिलेले असतात म्हणून लोकांस ते जुळे भाऊ वाटतात. वस्तुतः त्यांचें नातें शेजाऱ्यांइतकेंच आहे.

तोल म्हणजे काय, हें पाहावयाचें असेल तर घरची सायकल उलटी उभी करा आणि पुढचें चाक हलकेंच फिरवून सोडा. थांबतां थांबतां तें मागें-पुढें झुलतें, आणि दर वेळीं त्याचा एकच भाग तळाशीं येऊन स्थिरावतो. तोच त्याचा जड भाग. बहुधा आऱ्यांत अडकविलेली चकाकती चकती किंवा हवा भरण्याचा व्हॉल्व तेथें सांपडतो. सातवीच्या वर्गापुढें हा प्रयोग मीं कितीदां केला असेल! स्वतःच्या गाडीच्या वेळीं मात्र तो आठवला नाहीं.

मोटारीच्या चाकाचेंही असेंच आहे. टायर, लोखंडी रिंग आणि व्हॉल्व यांचें वजन परिघाभोंवतीं तंतोतंत सारखें वांटलेलें कधींच नसतें. समजा, रिंगेच्या कडेवर एके जागीं ३० ग्रॅम अधिक आहेत. चाक फिरूं लागलें कीं तेवढा भाग बाहेर ओढ घेतो, आणि ती ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. माझ्या गाडीच्या रिंगेचा व्यास १३ इंच; टायरसकट चाकाचा परिघ सुमारें १.८ मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगास हें चाक एका सेकंदांत १२ वेळां फिरतें, आणि ते ३० ग्रॅम सुमारें ३ किलो वजनाच्या जोरानें ओढूं लागतात. क्षणांत वर, क्षणांत खालीं, असें सेकंदास बारा वेळां! वेग ४० केला तर ही ओढ निम्मी न होतां पाव होते, म्हणजे पाऊण किलोवर येते. १०० केला तर साडेचार किलोंच्या वर जाते. आणि हेंच चाक बैलगाडीच्या चालीनें, ताशी ४ किलोमीटरनें, फिरविलें तर ओढ अवघी साडेसात ग्रॅम. आमच्या सुतारांनीं बैलगाडीच्या चाकास आरे आणि धाव बसवितांना तोलाची चिंता कां केली नाहीं, याचें उत्तर या हिशेबांत आहे.

आपण विचाराल, ओढ वाढतच जाते, तर ९५ च्या पुढें माझी गाडी शांत कां होई? झोपाळ्याकडे पाहा. प्रत्येक झोपाळ्यास स्वतःचा एक ताल असतो. त्या तालावर हलकासा रेटा दिला तरी तो उंच जातो. ताल सोडून दिलेला मोठा रेटाही वायां जातो. स्प्रिंगेच्या आणि टायरांतील हवेच्या मध्यें सांपडलेलें चाक हाही एक झोपाळाच असून त्याचा ताल मोटारींत सामान्यतः सेकंदास १० ते १५ हेलकाव्यांचा असतो. चाकाच्या फेऱ्या त्या तालाशीं जुळल्या कीं थरथर शिगेस पोंचते, आणि पुढें गेल्या कीं ओसरते. म्हणून जी थरथर ठराविक वेगांतच येते ती चाकाच्या तोलाकडे बोट दाखविते. ओसरली म्हणजे दोष गेला, असें मात्र नव्हे. बेअरिंगांस आणि सांध्यांस ते धक्के बसतच असतात.

तोल दोन प्रकारांनीं बिघडतो. पहिला प्रकार सायकलवर पाहिलाच. त्यानें चाक वर-खालीं उडूं पाहतें. दुसरा अधिक फसवा आहे. वर्गांतल्या लांब बांकाच्या एका टोकास एक मुलगा उजवीकडे ओढतो आणि दुसऱ्या टोकास दुसरा तितक्याच जोरानें डावीकडे ओढतो अशी कल्पना करा. बांक जागा सोडणार नाहीं, पण गरकन् फिरेल. चाकाच्या आंतल्या कडेवर वरच्या बाजूस, आणि बाहेरच्या कडेवर खालच्या बाजूस, सारखेंच वजन अधिक असलें तर असेंच घडतें. असें चाक उभें असतां कोठेंही स्थिर राहतें, सायकलीचा प्रयोग त्यास निर्दोष ठरवितो, पण धांवूं लागलें कीं तें डावी-उजवीकडे डुगूं लागतें. म्हणून दुकानांतील यंत्र चाकास वेगानें फिरवून आंतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही कडांचा हिशेब वेगळा देतें, आणि दोन्हीकडे वजनाचे तुकडे लावावे लागतात. बाहेरच्याच कडेवर तुकडा ठोकून 'झालें' म्हणणाऱ्या दुकानदाराकडे दुसऱ्यांदा जाऊं नये.

आतां गाडीस विचारावयाचे प्रश्न. पहिला, ही थरथर इंजिनाची कीं चाकांची? रस्ता मोकळा पाहून त्याच वेगावर चौथ्या गिअरांतून पांचव्यांत जावें. इंजिनाचे फेरे कमी झाले, चाकांचे तेवढेच राहिले. थरथर बदलली नाहीं तर ती चाकांची. क्षणभर क्लच दाबून पाहिला तरी हेंच कळतें. उलट गाडी उभी असतांनाच सर्वांग कांपत असेल तर चाकांस विचारण्यांत अर्थ नाहीं. दुसरा प्रश्न, ती केवळ ब्रेक दाबल्यावर येते काय? तसें असेल तर ब्रेकची तबकडी सारख्या जाडीची उरलेली नाहीं. केवळ वेग वाढवितांना येऊन पाय उचलतांच थांबत असेल, तर इंजिनाची शक्ति चाकांस पोंचविणाऱ्या दांड्याच्या सांध्याकडे पाहावें.

तिसरा प्रश्न सर्वांत सोपा, आणि मीं सर्वांत उशिरां विचारलेला. ही थरथर अंगास कोठें लागते? हातांत लागली तर ती बहुधा पुढच्या चाकांची, कारण स्टिअरिंग त्यांसच जोडलेलें असतें. बैठकीस आणि पायांखालच्या पत्र्यास लागली तर मागच्या चाकांची.

शेवटीं मी आमच्या आळीच्या टोकाशीं टायरचें दुकान चालविणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलों. गणितांत त्यास मीं दोनदां नापास केलें होतें, आणि म्हणूनच कीं काय, त्याच्याकडे जाण्याचें मी टाळीत होतों. त्यानें कोणतेंही यंत्र सुरू न करतां गाडीस एक फेरी घातली, पुढच्या उजव्या चाकापाशीं बसला आणि रिंगेच्या कडेवर बोट ठेवलें. धुळीनें काळवंडलेल्या त्या कडेवर बोटभर लांबीचा एक स्वच्छ चौकोन होता. "गुरुजी, इथं वजनाचा तुकडा होता. पडलाय." दोन्ही पुढचीं चाकें यंत्रावर चढलीं. उजव्यास आंतून ३५ आणि बाहेरून १० ग्रॅम लागले. पुढच्या फेरीस शिरवळच्या रस्त्यावर माझे हात ८५ वर असे स्थिर राहिले कीं, मला एखादी परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाल्याचा आनंद झाला.

त्याच फेरींत मागच्या आसनावरून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, माझ्या पायांखालीं अजून थरथरतंय." मीं उत्तर दिलें कीं तो रस्ता आहे. पुढच्या महिन्यांत त्यांनीं पाण्याची बाटली पायांशीं ठेवून तिच्यांतील पाण्यावर उमटणाऱ्या वर्तुळांकडे लक्ष वेधलें. मीं सांगितलें कीं रस्ता नवा करीत आहेत. श्रोतेहो, निरीक्षण करा, निरीक्षण करा, असें मुलांस घसा कोरडा पडेपर्यंत सांगणारा हा शिक्षक! माझे हात स्वस्थ होते, म्हणून गाडी स्वस्थ आहे अशी माझी खात्री होती. पुढच्या चाकाचा मोठा कंप थांबल्यामुळेंच मागचा लहान कंप उघडा पडला होता, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं. आणखी महिन्याभरानें ती थरथर ताशी ४० वरही जाणवूं लागली, आणि गाडी बदकासारखी किंचित् डुलत चालूं लागली, तेव्हां मी जागा झालों.

हा फरक महत्त्वाचा आहे. तोलाची थरथर मंद वेगांत दिसत नाहीं. तिची ओढ तेथें फारच थोडी असते, हें आपण पाहिलें. जी थरथर ४० वर, किंबहुना २० वरही येते, ती चाक वाटोळें नसल्याची खूण आहे. एक तर रिंग वांकली आहे, किंवा टायरचें अंग बिघडलें आहे. पुष्कळ दिवस एकाच जागीं उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर तळाशीं चपटा होतो. २०२० च्या मार्चअखेर सर्व व्यवहार बंद झाले तेव्हां आमच्या आळींतील गाड्या दोन-दोन महिने उभ्या होत्या, आणि नंतर पहिल्या दिवशीं साऱ्याच धडधडत निघाल्या. असा चपटेपणा टायर तापल्यावर बहुधा जातो. माझी गाडी तर रोज फिरत होती.

माझ्या विद्यार्थ्यानें पुढच्या चाकांस विटा लावल्या, हँडब्रेक सोडला आणि मागचें डावें चाक जॅकवर उचललें. अशा गाडीखालीं हात-पाय घालूं नये, हें जातां जातां सांगून ठेवतों. जॅक हा खांब नव्हे. चाकाशेजारीं दोन विटा रचून तो म्हणाला, "गुरुजी, खडू आहे का?" सवयीनें माझ्या सदऱ्याच्या खिशांत एक तुकडा असतोच. तो विटेवर टेकवून टायरच्या नक्षीपासून केसभर अंतरावर धरला आणि चाक हळूहळू हातानें फिरविलें. चाक वाटोळें असतें तर खडू सर्वत्र लागला असता, नाहीं तर कोठेंच लागला नसता. तो लागला एके जागीं. चार बोटें लांबीची पांढरी रेघ उमटली. तेथें नक्षी किंचित् वर उचललेली होती, आणि हात आंत घालून चांचपलें तेव्हां टायरच्या आंतल्या भिंतीवर, बाहेरून कधींही दिसणार नाहीं अशा जागीं, लिंबाएवढा फुगा लागला.

त्यानें तें चाक यंत्रावरही चढवून दाखविलें. यंत्रानें अवघे १० ग्रॅम मागितले. म्हणजे वजनाच्या हिशेबानें तें चाक जवळजवळ निर्दोष होतें! हवेंत फिरणाऱ्या चाकाचा तोल यंत्र पाहतें. गाडीचा भार घेऊन रस्त्यावर टेकलेल्या टायरचा आकार तें सामान्य यंत्र पाहत नाहीं. वाटोळें नसलेल्या चाकास कितीही वजनें लावलीं तरी तें वाटोळें होत नाहीं. टायरच्या आंत तारांचे पट्टे रबरांत बसविलेले असतात. खड्ड्याचा जबर धक्का, वय, किंवा कमी हवा यांमुळें ते सुटूं लागतात आणि टायर आंतून उकलत जातो. त्या टायरच्या भिंतीवर ०९१४ असे चार अंक होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २०१४ च्या नवव्या आठवड्यांत जन्मलेला तो टायर २०२२ च्या अखेरीस आम्ही घाटांतून पळवीत होतों. "महामार्गावर फुटला असता," एवढेंच तो म्हणाला. फुगा डाव्या मागच्या चाकावर होता. सौभाग्यवती नेहमीं डावीकडे बसत.

मीं मागचे दोन्ही टायर बदलले. एकाच दांड्यावर एक जुना, एक नवा असूं नये असें त्याचें मत, आणि आतां मी त्याचें ऐकतों. नव्या टायरवर एक पिवळा ठिपका होता. तो टायरच्या सर्वांत हलक्या जागेची खूण असून, व्हॉल्व जड असतो म्हणून टायर चढवितांना ठिपका त्याच्यासमोर आणतात. मग तोलास वजन थोडें लागतें. रिंगेच्या मागील गंज त्यानें तारेच्या ब्रशानें घासून काढला, कारण तेथें पापुद्रा राहिला तर चाक सपाट बसत नाहीं. नट क्रमानें न आवळतां समोरासमोरचे आवळले, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर ते पुन्हां तपासून घेण्यास बजावलें. चाक काढलें-घातलें आणि लगेच नवी थरथर सुरू झाली तर पहिला संशय सैल नटाचा घ्यावा, आणि तो संशय गाडी थांबवून तेथल्या तेथें फेडावा. इतर सर्व गोष्टींस उद्यां चालेल, यास चालत नाहीं.

पावसाळ्याविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. शेताच्या वाटेनें गाडी नेली, काळ्या मातीचा चिखल रिंगेच्या आंतल्या बाजूस बसला आणि रात्रींतून वाळला, कीं दुसऱ्या दिवशीं उत्तम तोल असलेली गाडीही कांपूं लागते. मूठभर मातीचें वजन ३० ग्रॅमांहून कितीतरी अधिक असतें. अशा वेळीं दुकानांत जाण्यापूर्वीं पाण्याची नळी धरावी आणि रिंग आंतून धुवावी. माझ्या एका स्नेह्यांनीं हें न करतां चिखलासकट बॅलन्सिंग करून घेतलें. चार दिवसांनीं चिखल गळून पडला आणि थरथर परत आली.

नवे टायर बसविल्यावर आम्ही पुण्यास निघालों. बोगदा संपला, रस्ता मोकळा झाला, कांटा ८५ वर गेला. हात स्थिर होते. पण हातांवर विश्वास ठेवण्याचें दिवस आतां गेले होते. मीं मान मागें वळवून विचारलें, "पायांखालीं कांहीं लागतें काय?"

"अहो," सौभाग्यवती म्हणाल्या, "आधी समोर बघा."